रिकामी चौकट

मांजरेच्या काठाला, भालकी तालुक्यात एक गाव होते. एक वाट उदगीरला जायची, दुसरी भालकीला. माणसे घरात मराठी बोलत, कचेरीत कानडी ऐकत, आणि आजोबांचे कागद पेटीतून काढले की ते उर्दूत निघत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात गेली. माणसे जागची हलली नाहीत. त्यांची नावे मात्र तीन लिप्यांतून फिरून आली आणि दर वेळी थोडी थोडी बदलली.

गावात शेतकऱ्यांची सोसायटी होती. पेरणीला कर्ज द्यायचे, बी आणि खत द्यायचे, रास झाली की वसुली करायची, एवढे तिचे काम. सभासद ४१२ होते. प्रत्येकाचे एक पान असे. पानावर नाव, बापाचे नाव, शेअर, उचल, भरणा आणि बाकी.

ही पाने एक म्हातारा सांभाळायचा. निजामाच्या काळात त्याच्या घरी गावचे पटवारीपण होते. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरेची गावकामे बंद झाली, दप्तर सरकारच्या ताब्यात गेले आणि तो सोसायटीत कारकून म्हणून बसला. गाव त्याला पुढेही पटवारीच म्हणत राहिले.

त्याची लिहायची एक रीत होती. कोणाच्या पानावर काही मांडायचे असले की तो आधी पान काढायचा आणि समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. नाव, बापाचे नाव, बाकी. माणूस “हौ” म्हणाला की पेन्सिलीने खूण करायचा. दिवस मावळायच्या आधी सगळ्या खुणा पुन्हा बघायचा आणि मग शाई लावायचा. जुना आकडा त्याने कधी खरवडून काढला नाही. त्यावर एक बारीक रेघ मारायचा, अशी की खालचा आकडा वाचता यावा. मग बाजूला नवा आकडा, तारीख आणि सही.

एका माणसाला अर्धा तास लागायचा. लोक वैतागायचे. बाहेर ओट्यावर बसून तंबाखू मळत राहायचे.

२००३ साली सोसायटीने कॉम्प्युटर घेतला. म्हाताऱ्याचे वय झाले होते. उदगीरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला गावातलाच एक मुलगा सोसायटीने शिकाऊ म्हणून ठेवला. मुलगा हुशार होता आणि कष्टाळूही होता. दोन महिने बसून त्याने ४१२ पाने यंत्रात उतरवली. पाडव्यापासून कागदाची खतावणी बंद झाली. ती कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली म्हाताऱ्याने स्वतःच्या करदोट्याला बांधली.

“अप्पा, आता ती कशाला लागते?” मुलाने विचारले.

“असू दे,” म्हातारा म्हणाला.

मुलाने पडद्यावर फॉर्म केले. एक उचलीचा, एक भरण्याचा, आणि एक वारसाचा. सभासद वारला की त्याच्या जागी वारसाचे नाव लावायचे, त्यासाठी हा तिसरा. त्यात वर एक चौकट होती, सभासदाच्या नावाची. खाली दुसरी, वारसाच्या नावाची. त्याखाली एक बटण. बटणावर लिहिले होते, ‘नोंद करा’.

बटणामागे एक हुकूम होता. वरच्या चौकटीतले नाव ज्या ओळीत सापडेल त्या ओळीत ‘मयत’ असे लिही, आणि वारसाच्या रकान्यात खालच्या चौकटीतले नाव भर. यंत्राच्या भाषेत अशा हुकमाला अपडेट क्वेरी म्हणतात. ती स्वतःच्या मनाने काही करत नाही. सांगितले तेवढेच करते. आणि एक ओळ बदलायला सांगा की चारशे, तिला वेळ जवळजवळ सारखाच लागतो. डोळ्याचे पाते लवते तेवढा.

मुलाला पहिली अडचण नावांची आली. एकच माणूस शेअरच्या दाखल्यावर माणिकराव असायचा, कानडी पहाणीवरून, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरून, उतरवून घेताना माणिकराय व्हायचा, आणि त्याच्या बापाच्या उर्दू कागदात आणखी काही. लोक सांगायचे एक, यंत्रात असायचे दुसरे. यंत्र म्हणायचे, असा कोणी नाही.

मुलाने त्यावर तोड काढली. हुकमात नावाच्या आधी एक चांदणी लावली आणि नावाच्या नंतर एक. यंत्राच्या भाषेत चांदणीचा अर्थ असा, की इथे काहीही असले तरी चालेल. आता नुसते ‘माणिक’ लिहिले तरी माणिकराव सापडू लागला. मुलाने पाच नावांवर करून पाहिले. ती पाच नावे एकमेकांसारखी नव्हती. पाचही बरोबर लागली.

दुसरी अडचण प्रश्नाची होती. बटण दाबले की यंत्र दर वेळी थांबायचे आणि विचारायचे, तुम्ही इतक्या ओळी बदलणार आहात. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरता येणार नाही. बदलू का? दिवसातून साठ वेळा हा प्रश्न यायचा. साठही वेळा आकडा एकच असायचा, १. मुलगा न वाचताच ‘हो’ दाबायला लागला होता. मग एका रात्री त्याने आणखी एक ओळ लिहिली आणि यंत्राला सांगितले, विचारू नकोस. यंत्र गप्प झाले. काम भराभर होऊ लागले. ओट्यावरची गर्दी ओसरली. लोकांनी मुलाचे कौतुक केले, आणि ते कौतुक खोटे नव्हते. माणसांचा वेळ त्याने खरोखरच वाचवला होता.

मृग चार दिवसांवर आला. तुरीचे आणि उडदाचे बी न्यायला गाव सोसायटीपुढे उभे राहिले. दिवसा लाईट दहा ते एक एवढीच असायची, म्हणून रेटा मोठा होता.

रांगेत एक बाई होती. तिचा नवरा चैत्रात वारला होता. दीड एकर रान होते, पोरे लहान होती. तिच्या नावाने खाते झाल्याशिवाय बी मिळणार नव्हते. ती खिडकीपाशी आली.

“आमचे मालक गेले,” ती म्हणाली. “खातं माझ्या नावानं करायचंय.”

मुलाने वारसाचा फॉर्म उघडला. “मालकाचं नाव सांगा, माय.”

बाईने पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. नवऱ्याचे नाव तिने आयुष्यात एकदाच घेतले होते, लग्नात, उखाण्यात, बायकांनी हट्ट केला म्हणून. त्यानंतर घरात, शेतात, बाजारात, दवाखान्यात ती ‘आमचे मालक’ एवढेच म्हणत आली. तो जिवंत असताना घेतले नाही. आता तर तो गेला होता.

“पुतण्या पारावर बसलाय,” ती म्हणाली. “तो सांगंल. आणते बोलावून.”

“तुमचं नाव तरी सांगा.”

तिने आपले नाव सांगितले. मुलाने ते खालच्या चौकटीत लिहिले. बाई पाराकडे गेली. मागच्या माणसाने लगेच आपले पासबुक आत सरकवले. बल्ब एकदा मंद झाला, पुन्हा पेटला. लाईट जाणार हे सगळ्यांना कळले. मुलाला वाटले, बाईचे अर्धे लिहून झाले आहे, ते जायला नको. अर्धे तर अर्धे, नोंदवून ठेवू, बाकीचे ती आल्यावर भरू.

त्याने ‘नोंद करा’ दाबले.

वरची चौकट रिकामी होती. आधी चांदणी, नंतर चांदणी, मधे काहीच नाही. यंत्राने त्याचा सरळ अर्थ घेतला. नाव काहीही असले तरी चालेल. प्रश्न विचारायची त्याला मनाई होती, म्हणून त्याने विचारले नाही. पाते लवले आणि पुढच्या क्षणी लाईट गेली.

बाई पुतण्याला घेऊन आली तेव्हा खिडकी बंद झाली होती. “उद्या या,” मुलगा म्हणाला.

संध्याकाळी लाईट आल्यावर मुलाने रोजचे शेवटचे काम केले. यंत्रातली सगळी पाने तो एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. फ्लॉपी एकच होती. आजची नक्कल कालच्या नकलेवर बसायची आणि कालची पुसली जायची. त्याने नक्कल केली, फ्लॉपी खणात ठेवली, कुलूप लावले आणि घरी जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो एक पैलवान गडी. मुलाने त्याचे नाव लिहिले. पडद्यावर ओळ आली. मुलगा बघतच राहिला.

“काय झालं रं?”

“दादा, तुम्ही मयत दिसताय.”

गडी हसला. मागचे हसले. मुलाने दुसऱ्याचे नाव लिहिले. तोही मयत. तिसरा मयत. सोसायटीचा चेअरमन मयत. तो तर मागच्या आठवड्यातच येऊन गेला होता. चारशे बारा जण मयत होते, आणि चारशे बारा जणांना वारस एकच होता. कालची ती बाई.

बातमी खिडकीतून ओट्यावर आली आणि ओट्यावरून पारावर गेली. दुपारपर्यंत तिचे रूप बदलले. बाईने पोराला पैसे चारले. पुतण्याने सांगून करवले. सगळ्या गावाचे शेअर तिने नावावर करून घेतले. दोघी-तिघी तिच्या दारात जाऊन बोलून आल्या. नवरा गेल्याला दोन महिने झाले नाहीत, आणि हिचे बघा.

बाई लेकरू काखेत घेऊन सोसायटीत आली. गर्दीने वाट दिली. तिने पडद्याकडे बघितले. तिला वाचता येत नव्हते, आणि पडदा तसाही मुलाच्या बाजूला वळलेला होता.

“लेकरा,” ती म्हणाली, “मला माझं दीड एकर लाव. गाव कशाला लावलंस?”

गर्दीतला एक म्हणाला, “आता काय, शेअर सगळे तुझेच.”

म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो काठी टेकून उठला.

“शेअर तिचे, तर मग कर्जही तिचंच की,” तो म्हणाला. “वारसाला दोन्ही लागतं. तुमच्या सगळ्यांची बाकी आता ह्या बाईच्या डोक्यावर आहे. कुणाला आपली परत घ्यायची असंल तर पुढं या.”

कोणी बोलले नाही. मुलगा खुर्चीवरून उठून खिडकीत आला. त्याचे हात कापत होते.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “बाईनं काही केलं नाही. तिनं नाव सांगायच्या आधी मी बटण दाबलं.”

हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. सांगितले नसते, तर यंत्र बिघडले म्हणून वेळ निभावली असती, आणि बाईवरचा डाग मात्र तसाच राहिला असता.

मग त्याने खणातून फ्लॉपी काढली. ती लावली. तिच्यातही ४१२ मयत निघाले. चांगल्या नकलेवर त्याने स्वतःच्या हाताने वाईट नक्कल चढवली होती.

म्हाताऱ्याने करदोट्याची किल्ली सोडली आणि कपाट उघडले.

पाडव्यापर्यंतची पाने कागदावर होती. त्यानंतरचे कशावर नव्हते, पावत्या आणि अर्जांशिवाय. यंत्रातल्या कुठल्याच आकड्यावर आता भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून गावात दवंडी दिली की ज्याच्याकडे सोसायटीचा जो कागद असेल तो घेऊन यावे. माणसे आली. कोणी पावती पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, कोणी देवाच्या फोटोमागे, एकाने छपराच्या वाशात खोचून ठेवली होती. भरण्याच्या पावत्या सगळ्यांनी आणल्या. उचलीचे कागद दोघा-तिघांच्या घरी सापडेनात. त्यांच्या सह्यांचे अर्ज कपाटात निघाले, तेव्हा सापडले.

चार रात्री म्हातारा वाचत होता आणि मुलगा लिहीत होता. कंदील मधे. नाव, बापाचे नाव, बाकी. मृग निघाला. तिसऱ्या रात्री पाऊसही पडला. सकाळी रान वाफशाला आले, आणि बी गोदामात पडून होते. पहिला वाफसा सगळ्या गावाचा गेला. शेतकऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही. काळ्या रानात तो एकदा हातचा गेला की पुढचा कधी येईल हे आभाळ ठरवते.

चौथ्या रात्री मुलाने वही मिटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

“अप्पा, तुम्ही मला बोलला का नाही?”

“बोलून ओळी परत येत असत्या तर बोललो असतो,” म्हातारा म्हणाला. थोडा वेळ तो कंदिलाकडे बघत बसला. मग म्हणाला, “उत्तर प्रदेशात आझमगडकडं एक शेतकरी आहे, लाल बिहारी नावाचा. १९७५ साली त्याला कागदावर मेलेला लावलं. एका ओळीत, एका शब्दात. त्याची जमीन गेली. तो कचेऱ्यांतून हिंडत राहिला, मी जिवंत आहे म्हणत. कागदावर पुन्हा जिवंत व्हायला त्याला १९९४ साल उजाडलं. एकोणीस वर्षं. त्याच्यासारखे इतके निघाले की त्यांनी मृतांचा संघ काढला. त्याचं लिहिणाऱ्यानं जाणून लिहिलं होतं. तू नकळत लिहिलंस. पण ज्याच्या नावापुढं मयत पडतं, त्याला दोन्ही सारखंच.”

मुलगा गप्प होता.

“मी भालकीला गेलो होतो, तहसिलीत, पहाणी काढायला,” म्हातारा पुढे म्हणाला. “सरकारनं सगळ्या राज्याच्या पहाण्या कॉम्प्युटरात घातल्यात. भूमी म्हणतात त्या योजनेला. १७७ तालुक्यांच्या, दोन कोटी पहाण्या. मला वाटलं, आता आपल्यासारख्याचं काही खरं नाही. कुणीतरी कुठंतरी बटण दाबंल आणि रान दुसऱ्याचं होईल. म्हणून मी पंधरा रुपये भरले, आणि पहाणी हातात आल्यावरही तिथंच उभा राहून बघत बसलो.”

“काय बघितलंत?”

“कारकून बसला की आधी यंत्रावर बोट ठेवतो. बोट जुळलं तरच यंत्र उघडतं. म्हणजे ह्या वेळी कुणाचा हात होता, ते यंत्राला ठाऊक असतं. नंतर मी नव्हतो म्हणता येत नाही. दुसरं, फेरफाराचा अर्ज दिला म्हणजे नाव लगेच बदलत नाही. नोटीस निघते. तीस दिवस थांबतात, कुणाची हरकत असंल तर येऊ दे म्हणून. आधी मी ह्या तीस दिवसांना शिव्या द्यायचो. मग कळलं, ही माझीच पेन्सिल आहे. शाई लावायच्या आधीची.”

तो थांबला. कंदिलाची वात त्याने थोडी वर केली.

“आणि तिसरं,” तो म्हणाला, “तिथं दोन पडदे असतात. एक कारकुनाकडं. एक खिडकीबाहेरच्या माणसाकडं. कारकून काय करतो ते बाहेरच्याला दिसतं. मी तिथं उभा राहून माझ्या नवव्या रकान्यात माझं नाव बघितलं. अकराव्यात बोजा बघितला. कानडी मला सावकाश वाचावं लागतं. पण वाचलं.”

“पण अप्पा, तुमच्या खिडकीला पडदा नव्हताच की.”

“नव्हता. म्हणून मी मोठ्यानं वाचायचो.”

मुलगा त्या रात्री घरी गेला नाही. सकाळी लाईट आली तशी त्याने तिसरा फॉर्म उघडला आणि बटणामागचा हुकूम पुसून टाकला.

आधी त्याने चांदण्या काढल्या. बदल करण्याचा हुकूम आता नावावर चालणार नव्हता, सभासद क्रमांकावर चालणार होता. नावे चार सारखी असतात, क्रमांक एकाचा एकच. शोधायला चांदणी चालेल असे त्याने ठरवले, कारण शोधण्याने काही बिघडत नाही. नाव शोधायचे, जेवढे सापडतील तेवढे पडद्यावर दाखवायचे, त्यातला आपला माणूस त्या माणसाकडूनच ओळखून घ्यायचा, आणि मग त्या एका क्रमांकाला हात लावायचा.

मग त्याने बटणाला बांध घातला. क्रमांकाची चौकट रिकामी असेल तोवर बटण फिके राहील, दाबले तरी दबणार नाही. अर्धे लिहिलेले जपून ठेवण्यासाठी त्याने वेगळे बटण केले, कारण त्या दिवशीची खरी गफलत तिथे होती. ठेवणे आणि बदलणे ही दोन कामे त्याने एकाच बटणाला लावली होती.

हुकूम चालण्याआधी ओळी मोजायलाही त्याने यंत्राला शिकवले. एकापेक्षा जास्त ओळी बदलणार असतील तर हुकूम चालायचाच नाही. बदल अर्ध्यात कुठे अडला, लाईट गेली, काही झाले, तर सगळे जसे होते तसे परत जायचे. आणि ज्या ओळीने त्याने यंत्राला गप्प केले होते, ती ओळ त्याने शोधून काढली आणि पुसली.

शेवटी त्याने एक नवी वही केली, यंत्रातच. जुने काय होते, नवे काय झाले, कोणी केले, कधी केले. या वहीत लिहिता यायचे, पण खोडायला तिच्यात जागाच ठेवली नाही. म्हाताऱ्याची बारीक रेघ ती हीच. बाजारातून त्याने आणखी सहा फ्लॉप्या आणल्या आणि प्रत्येकीवर एकेका वाराचे नाव लिहिले, म्हणजे सोमवारची नक्कल सोमवारवरच बसेल आणि चूक कळायला एक दिवस लागला तरी मागचे सहा दिवस शाबूत राहतील.

काम झाल्यावर त्याने म्हाताऱ्याला बोलावले. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि सगळे नीट बघितले.

“आता बरोबर आहे का, अप्पा?”

“यंत्राचं बरोबर आहे,” म्हातारा म्हणाला. “पण ज्याची ओळ, त्याला ती दिसू दे. मगच हात लाव.”

दुसरा पडदा घ्यायला सोसायटीकडे पैसे नव्हते. मुलाने टेबल ओढले, खिडकीला आडवे लावले आणि पडदा असा ठेवला की तो त्यालाही दिसेल आणि बाहेरच्यालाही. त्यासाठी त्याला स्वतःला वाकडे बसावे लागत होते. तो तसा बसला.

खिडकी उघडली. रांग होती, पण कोणी रेटत नव्हते. पैलवान गडी सगळ्यांत पुढे होता. त्याने मागे वळून बघितले आणि बाजूला झाला.

“आधी तिला जाऊ द्या,” तो म्हणाला.

बाई पुढे आली. या वेळी तिच्याबरोबर पुतण्या होता. मुलाने फॉर्म उघडला. बटण फिके होते. त्याने पुतण्याकडे बघितले. पुतण्याने तोंड उघडले.

“थांब,” बाई म्हणाली.

तिने लेकरू खाली ठेवले. पदर सारखा केला. मग सोसायटीच्या ओट्यावर, सगळ्या रांगेदेखत, तिने नवऱ्याचे नाव घेतले. पहिले नाव, सासऱ्याचे नाव, आडनाव. हळू नाही, मोठ्याने. ओट्यावरची माणसे गप्प झाली. कोणीतरी डोक्यावरची टोपी काढली.

मुलाने नाव लिहिले. पडद्यावर दोन ओळी आल्या. एक तिच्या नवऱ्याची, आणि एक वरच्या आळीतल्या त्याच नावाच्या माणसाची. तो माणूस रांगेतच उभा होता, जिवंत.

“वाचून दाखवतो, माय,” मुलगा म्हणाला. त्याने बोट पडद्यावर ठेवले, तिला दिसेल असे. “क्रमांक २०७. हे मालकांचं नाव. हे त्यांच्या वडिलांचं. दीड एकर. बाकी एवढी. वारस म्हणून तुमचं नाव लागणार. एकच ओळ बदलणार आहे. हीच ना?”

बाईला अक्षरे वाचता येत नव्हती. तिने त्याच्या बोटाखालच्या ओळीकडे बघितले, तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हौ,” ती म्हणाली.

मग मुलाने बटण दाबले.